गेस्ट रँचवर एक उन्हाळा: रॉकी पर्वतातलं हंगामी काम मिळवण्यापासून परतीपर्यंत

अमेरिकेच्या पश्चिमेला कोलोराडो, वायोमिंग आणि माँटाना या राज्यांत रॉकी पर्वताच्या कुशीत गेस्ट रँच नावाचा एक जुना धंदा चालतो. पाहुणे आठवडाभरासाठी येतात, लाकडी केबिनमध्ये राहतात, तिन्ही वेळा तिथेच जेवतात आणि रोज घोड्यावर रपेट मारतात. सगळ्याचे पैसे एकदाच भरलेले असतात. याची सुरुवात १८८० च्या दशकात डकोटात झाली. इटन बंधूंच्या रँचवर पूर्वेकडचे मित्र येऊन महिनोन्महिने मुक्काम ठोकायचे, तेव्हा त्यांच्याकडून पैसे घ्यायला लागले. १९०४ मध्ये इटन मंडळी वायोमिंगमध्ये शेरिडनजवळ गेली आणि १९२६ मध्ये अशा रँचमालकांची संघटनाही उभी राहिली. हंगाम मे अखेर किंवा जूनमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत, काही ठिकाणी ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो. एवढ्या महिन्यांसाठी प्रत्येक रँचला तरुण हात लागतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हे मुळात हॉटेलातलं काम आहे, फक्त ते घोड्यांच्या शेजारी चालतं. घोडे, डोंगर आणि शेकोटी हे पाहुण्यांनी विकत घेतलेलं असतं. तुमच्या वाट्याला चादरी, ताटं, बटाटे सोलणं आणि पहाटेचा गजर येतो, आणि घोडा आला तर तो बोनस. हे मान्य असेल तर उन्हाळा झकास जातो. फक्त फोटो बघून गेलेली मुलं तिसऱ्या आठवड्यात घरी जायच्या गोष्टी करू लागतात.

कामं कोणती असतात

हाऊसकीपिंग, स्वयंपाकघर, जेवणघरात वाढणं, ऑफिस, मुलांचे कार्यक्रम, देखभाल-दुरुस्ती आणि रँगलर. रँगलर म्हणजे घोडे सांभाळणारा आणि पाहुण्यांना रपेटीला नेणारा. सगळ्यांना तेच काम हवं असतं. ज्यांनी वर्षानुवर्षं घोडे हाताळलेत, ज्यांच्याकडे प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आहे आणि जे बिथरलेल्या पाहुण्याला शांत आवाजात सूचना देऊ शकतात, त्यांनाच ते मिळतं. पुण्यात दोन-चार वेळा घोड्यावर बसलो होतो, एवढ्यावर कोणी रँगलर करणार नाही, आणि करू नये.

छोट्या रँचवर एक माणूस दोन-तीन कामं करतो. सकाळी नाश्ता वाढायचा, मग केबिन्स साफ करायच्या, संध्याकाळी शेकोटीची लाकडं रचायची. मला विचाराल तर पहिल्या हंगामासाठी जेवणघर सगळ्यात चांगलं. पाहुण्यांशी ओळख होते, टिप्सशी थेट संबंध येतो आणि दुपारी दोन-तीन तास मोकळे मिळतात. हाऊसकीपिंगमध्ये अंगमेहनत जास्त, पण संध्याकाळ आपली असते. स्वयंपाकघरात ओरडा खावा लागतो, पण पोटाची सोय उत्तम होते.

व्हिसा: अर्ज करण्याआधी इथे थांबा

भारतातून जाणाऱ्यांसाठी सरळ वाट एकच: जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमांच्या व्हिसातला समर वर्क ट्रॅव्हल कार्यक्रम. तुम्ही अमेरिकेबाहेरच्या मान्यताप्राप्त महाविद्यालयात पूर्णवेळ शिकत असायला हवं, किमान एक सत्र पूर्ण झालेलं हवं आणि कामापुरतं इंग्रजी हवं. काम जास्तीत जास्त चार महिने करता येतं, तेही तुमच्या सुट्टीच्या काळातच. सुट्टी दोन महिन्यांची असेल तर कामही दोन महिन्यांचंच.

गाडी अडते ती इथेच. रँचला सप्टेंबरपर्यंत टिकणारा माणूस हवा असतो आणि आपली महाविद्यालयं जून-जुलैत उघडतात. म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये, नावाच्या खालोखाल, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत येऊ शकता ते लिहा. मोठ्या रँचना सुरुवातीच्या गर्दीसाठी जादा माणसं लागतात, तिथे जमू शकतं. तारखा जुळतच नसतील तर ओढूनताणून जुळवू नका. कॉलेज बुडवून राहिलात तर पुढच्या प्रत्येक व्हिसा-मुलाखतीत त्याचं उत्तर द्यावं लागेल.

क्रम असा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेल्या प्रायोजक संस्थेमार्फतच अर्ज होतो. भारतीय विद्यार्थ्याला नोकरी आधी ठरवूनच जावं लागतं, तिथे जाऊन शोधू म्हणता येत नाही. प्रायोजक नोकरीची खातरजमा करतो आणि डीएस-२०१९ हा कार्यक्रमासाठी पात्र असल्याचा कागद देतो. मग तुम्ही सेविसचं, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचं, शुल्क (या कार्यक्रमासाठी ३५ डॉलर) भरता, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भरता, १८५ डॉलरचं व्हिसा शुल्क भरता आणि मुलाखतीला जाता. महाराष्ट्रातल्यांसाठी ती मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत होते. डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती लिहावी लागतात, आणि जून २०२५ पासून जे व्हिसाच्या अर्जदारांना ती खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं आहे. एखादं जुनं खातं विसरून गाळू नका.

मुलाखतीत अधिकाऱ्याला मुळात एकच गोष्ट पाहायची असते: हा मुलगा किंवा मुलगी सुट्टी संपल्यावर परत येणार का. कॉलेजचं पत्र, पुढच्या सत्राची फी भरल्याची पावती, कुठल्या रँचवर काय काम करणार हे दोन वाक्यांत सांगता येणं, एवढं पुरतं. पाठ केलेलं भाषण लगेच ओळखू येतं.

या व्हिसावर काही कामांना बंदी आहे आणि रँचच्या बाबतीत ती महत्त्वाची ठरते. ज्या वाहनाला परवाना लागतो ते चालवण्याचं काम करता येत नाही, त्यात माणसं असोत वा नसोत. म्हणजे पाहुण्यांना विमानतळावरून आणणं किंवा रँचचा ट्रक हाकणं तुमचं काम नव्हे. शेती, बांधकाम, खाणकाम अशा क्षेत्रांतली कामं चालत नाहीत. मुख्यतः रात्री १० ते सकाळी ६ या वेळात पडणारं काम चालत नाही, आणि खाजगी घरातलं घरकामही नाही. म्हणून ‘जनरल रँच हँड’ असं गोलमाल पद मिळालं तर त्यात नेमकं काय करायचं हे लेखी मागा. गुरांच्या मागे फिरणं आणि कुंपणं ठोकणं हेच मुख्य काम असेल तर प्रायोजक ते नाकारेल. कोणी ‘आधी या, मग बघू’ म्हणालं तर ती नोकरी सोडून द्या.

विमा सक्तीचा आहे. प्रत्येक आजार वा अपघातामागे किमान १ लाख डॉलर, तातडीने मायदेशी हलवण्यासाठी ५० हजार डॉलर, असं त्याचं किमान स्वरूप नियमात ठरलेलं आहे. बहुतेकदा तो कार्यक्रमाच्या शुल्कातच येतो. घोड्यावरून पडल्यास तो लागू होतो का, हे मात्र पॉलिसीत स्वतः वाचा. काही पॉलिसींमध्ये जोखमीचे खेळ वगळलेले असतात, आणि घोडेस्वारी त्यांत आहे का हे पडल्यावर कळून उपयोग नाही.

अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्यांचा रस्ता वेगळा आहे. उन्हाळ्यात कॅम्पसबाहेर सहज नोकरी करता येत नाही. रँचचं काम तुमच्या शिक्षणाचा भाग म्हणून सीपीटी या कामाच्या परवानगीत बसवता आलं, म्हणजे हॉटेल व्यवस्थापन वगैरे शिकत असाल, तरच सहसा शक्य आहे, आणि त्यासाठी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाची परवानगी आधी लागते. रोखीने पैसे घेऊन गुपचूप काम करण्याचा सल्ला देणारे भेटतात. त्यांच्यापासून चार हात लांब राहा. तिथल्या मराठी कुटुंबांतल्या, नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असलेल्या मुलांना मात्र यातलं काहीच आडवं येत नाही. हे काम खरं तर त्यांच्यासाठी सगळ्यात सोपं आहे आणि तीच मुलं त्याकडे फिरकत नाहीत.

अर्ज केव्हा, कसा, आणि काय विचारायचं

रँचची भरती हिवाळ्यात होते. डिसेंबर ते मार्च हा मुख्य काळ, आणि व्हिसाचा वेळ धरला तर भारतातून जाणाऱ्याने डिसेंबरातच हलायला हवं. बहुतेक रँचच्या संकेतस्थळावर रोजगाराचं स्वतंत्र पान असतं. अर्जात शिक्षणाच्या टक्केवारीला कोणी विचारत नाही. मेसमध्ये वाढलंय, गणपतीत शंभर माणसांच्या पंगतीची व्यवस्था पाहिलीय, ट्रेकचं नेतृत्व केलंय, लहान मुलांची शिबिरं घेतलीत, हे लिहा. अशा अनुभवाला तिथे वजन आहे, फक्त तो ठोस लिहायचा: किती माणसं, किती दिवस, तुमच्याकडे नेमकं काय होतं.

व्हिडिओ मुलाखतीत ते तुमचा स्वभाव पाहतात, कारण वीस-तीस माणसं तीन महिने एकाच अंगणात राहणार असतात. तुम्हीही विचारा, संकोच करू नका. एका खोलीत किती जण? राहण्या-जेवणाचे पैसे पगारातून कापतात का, आठवड्याला किती? आठवड्यात किती दिवस सुट्टी, आणि ती सलग मिळते का? सुट्टीच्या दिवशी गावात जायची काय सोय? टिप्स कशा वाटतात? करार पूर्ण केल्यावर बोनस आहे का, आणि मध्येच सोडावं लागलं तर काय होतं?

पैशाचं थोडं सविस्तर. संघराज्याचं, म्हणजे केंद्राचं, किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. कोलोराडोचं स्वतःचं किमान वेतन २०२५ मध्ये १४.८१ डॉलर होतं आणि माँटानाचं १०.५५. वायोमिंगचं इतकं कमी आहे की तिथे संघराज्याचाच दर लागू होतो. त्यामुळे राज्य कुठलं हे डोंगर किती सुंदर याच्याइतकंच महत्त्वाचं आहे. त्यात एक खाच आहे: वर्षात सात महिन्यांहून जास्त न चालणाऱ्या हंगामी मनोरंजन व्यवसायांना संघराज्याच्या कायद्यात किमान वेतनातून सूट मिळू शकते, आणि काही रँच महिन्याचा ठोक पगार देतात. पण समर वर्क ट्रॅव्हलवाल्यांना लागू असलेलं किमान वेतन किंवा तेच काम करणाऱ्या अमेरिकन सहकाऱ्याइतकं वेतन, यांतलं जे जास्त ते मिळायला हवं. ही जबाबदारी प्रायोजकावर आहे, म्हणून शंका आल्यास त्याला विचारा.

हिशेब मांडून बघा. कोलोराडोत त्या दराने आठवड्याला ४० तास म्हणजे सुमारे ५९२ डॉलर. दहा आठवड्यांचे ५,९०० च्या आसपास, अधिक टिप्स. त्यातून कर, राहण्याची कपात, विमानाचं तिकीट, कार्यक्रमाचं शुल्क आणि वर सांगितलेली शुल्कं वजा करा. हातात काही उरतं, पण कर्ज काढून जाण्याइतकं उरत नाही. पैसे कमावणं हा एकच हेतू असेल तर हा मार्ग चुकीचा आहे.

सामान

जूनमध्येही रात्री पाणी गोठू शकतं आणि त्याच दिवशी दुपारी टीशर्टही नकोसा वाटतो. म्हणून एक जाड कोट घेण्यापेक्षा एकावर एक चढवता येतील असे पातळ थर घ्या: लोकरीचे मोजे, थर्मल, फ्लीस, वर पाणी न शिरणारं जाकीट. जीन्स दोन-तीन, शिवण आतून जाड नसलेल्या, नाहीतर खोगिरावर मांड्या सोलवटतात. टाच असलेले बूट तिथे गेल्यावर सेकंडहँड दुकानातून घ्या. टाच हवीच, कारण तिच्यामुळे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. जेवणघरासाठी न घसरणाऱ्या तळव्याचे वेगळे बूट लागतील. हेडलँप, काठ असलेली टोपी, उन्हाचं मलम, ओठांचं मलम. वीज १२० व्होल्टची आहे, त्यामुळे इथली इस्त्री-किटली नेऊ नका, चार्जर बहुतेक चालतात.

नेहमीची औषधं पूर्ण हंगामाची न्या, इंग्रजी चिठ्ठीसकट. बंद पाकिटातला मसाला चालतो, पण विमानतळावर खाण्याचे पदार्थ आहेत का असं विचारलं की ‘हो’ म्हणा. लपवलं तर दंड, सांगितलं तर फार तर एखादं पाकीट जाईल.

प्रवासाचा शेवटचा टप्पा आधी ठरवा. कोलोराडोसाठी डेन्व्हर, वायोमिंगसाठी जॅक्सन किंवा कोडी, माँटानासाठी बोझमन हे विमानतळ जवळचे. कॅलिफोर्निया झेफिर ही रेल्वे डेन्व्हरहून ग्रॅनबीला थांबते आणि त्या भागात बऱ्याच रँच आहेत. इतरत्र सार्वजनिक वाहन नसल्यातच जमा, म्हणून कोण न्यायला येणार ते लेखी असू द्या.

पहिले दहा दिवस

डेन्व्हर १,६०९ मीटरवर आहे आणि बऱ्याच रँच २,४०० मीटरच्या वर. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखतं, जिना चढताना धाप लागते, झोप तुटक लागते. भरपूर पाणी प्या, मद्य टाळा, पहिल्याच सुट्टीत शिखर गाठायला निघू नका. डोकेदुखीबरोबर उलट्या, तोल जाणं किंवा बसल्या जागी धाप लागली तर लगेच सांगा. उपाय एकच, खाली उतरणं.

याच दिवसांत कागदपत्रंही होतात. पोचल्यावर प्रायोजकाला पत्ता कळवा, त्याने सेविसमध्ये नोंद केली की सोशल सिक्युरिटी नंबरसाठी (पगार आणि कराच्या नोंदीला लागणारा सरकारी क्रमांक) अर्ज करा. नंबर येईपर्यंत काम सुरू करता येतं. पगारातून किती कर कापायचा हे ठरवणारा डब्ल्यू-४ फॉर्म अनिवासी परदेशी म्हणून भरा, बाजूला बसलेल्या अमेरिकन मित्राचा बघून नव्हे. पहिली पगारपावती आली की बघा: सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (तिथल्या निवृत्तिवेतनाच्या आणि ज्येष्ठांच्या आरोग्यविम्याच्या वर्गण्या) या नावाने कपात झाली असेल तर ती चूक आहे, अनिवासी जे-१ धारकांना ती लागू नाही. छोट्या रँचचा हिशेबनीस वर्षात एखादाच परदेशी कर्मचारी पाहतो, त्यामुळे ही चूक सर्रास होते. नम्रपणे दाखवून द्या.

पाहुणे यायच्या आधी केबिन्स उघडायच्या असतात आणि इथे एक धोका आहे ज्याबद्दल नवख्याला ऐकूनही माहीत नसतं. हिवाळाभर बंद राहिलेल्या केबिनमध्ये हरणउंदीर म्हणून ओळखला जाणारा, पांढऱ्या पोटाचा छोटा उंदीर राहून गेलेला असतो. त्याच्या लेंड्या आणि मुतातून हंटाव्हायरस पसरतो. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात त्याचा हा प्रकार पहिल्यांदा ओळखला गेला. आजार क्वचित होतो, पण झाला तर फुप्फुसांत पाणी भरतं आणि त्यावर खास औषध नाही. म्हणून लेंड्या दिसल्या तर झाडू लावायचा नाही, व्हॅक्यूमही नाही, कारण धूळ उडून नाकात जाते. आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. रबरी हातमोजे घाला. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा ताज्या मिश्रणाने ती जागा चिंब भिजवा, पाच मिनिटं थांबा, मग कागदी टॉवेलने टिपून पिशवीत बंद करा आणि फरशी पुसा. वरिष्ठ म्हणाले ‘झाडून टाक पटकन’, तरी ब्लीचची बाटली मागा.

आठवड्याचं चक्र

रँचचा आठवडा पाहुण्यांच्या येण्या-जाण्यावर फिरतो, बहुतेक ठिकाणी रविवार ते शनिवार किंवा रविवार ते रविवार. बदलीचा दिवस सगळ्यात कठीण. सकाळी दहाच्या सुमाराला जुने पाहुणे गळाभेटी घेऊन निघतात आणि दुपारी तीनला नवे दारात उभे. मधल्या पाच तासांत सगळ्या केबिन्स नव्या दिसल्या पाहिजेत.

दोघांनी मिळून एक केबिन घ्यावी आणि क्रम कधीच मोडू नये. आत शिरताच आधी पलंगाखाली आणि न्हाणीघराच्या दारामागे बघायचं, कारण चार्जर, लहान मुलांचे मोजे आणि चष्मे तिथेच राहतात. पाहुणे अजून वाटेत असतानाच फोन करता येतो. मग चादरी ओढून गठ्ठा दाराबाहेर, खिडक्या उघड्या. एकाने न्हाणीघर धरायचं, दुसऱ्याने पलंग. शेकोटीतली राख थंड दिसली तरी धातूच्या झाकणाच्या बादलीतच भरायची. राखेखाली निखारा दिवस-दिवस जिवंत राहतो, आणि लाकडी केबिन, भोवती पाइनचं जंगल. मग लाकडांची पेटी भरायची, आणि धूळ वरून खाली, केर शेवटी. निघताना दारात उभं राहून पाहुण्याच्या नजरेने एकदा बघायचं. उशीवरचा एक केस बाकी सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो.

मधले दिवस ठरावीक लयीत जातात. शेकोटी, मुलांची शर्यत, नदीकाठचं जेवण, शेवटच्या रात्री नाच. तोच विनोद दर आठवड्याला नव्या पाहुण्यांना पहिल्यांदाच सांगितल्यासारखा सांगावा लागतो. ऑगस्टमध्ये हे जड जातं.

पाहुण्यांना पहिल्याच संध्याकाळी नावाने हाक मारा. संध्याकाळी यादी घेऊन बसलात तर पाठ होतं. टिप्स बहुतेक ठिकाणी आठवड्याअखेरीला एकत्र गोळा होऊन सगळ्यांत वाटतात, म्हणजे भांडी घासणाऱ्यालाही मिळतात. मालक किंवा व्यवस्थापकाला त्यातला वाटा घेता येत नाही, २०१८ पासून संघराज्याचा कायदा तसं स्पष्ट सांगतो.

घोडे

तुमचं काम घोड्यांचं नसलं तरी घोड्यांच्या जवळून रोज जावं लागतं. आणि तबेल्यात हात मोकळे करून फुकट मदत करणाऱ्याला रँगलर हळूहळू शिकवतात, सुट्टीत रपेटीलाही नेतात. प्रायोजकाला कळवलेल्या कामात मात्र याने बदल होत नाही, हे ध्यानात असू द्या.

पहाटे साडेपाचला कुरणातून घोडे हाकून आणतात. धुळीचा लोट, टापांचा आवाज आणि शेवटी कुंपणाचं फाटक बंद झाल्याचा खण्ण आवाज. त्या वेळी फाटकाच्या मध्ये उभं राहायचं नाही, एवढंच तुमचं काम. एरवी घोड्याजवळ जाताना खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचं. तोंडासमोर आणि थेट शेपटीमागे त्याला दिसत नाही. मागून जाणं भागच असेल तर एक तर त्याच्या अंगाला हात लावून अगदी चिकटून जा, नाहीतर लाथ पोचणार नाही इतक्या लांबून. मधलं अंतर सगळ्यात वाईट. कान मागे चिकटले की थांबा.

दोरी कधीही हाताला गुंडाळू नका. घोडा दचकला तर तो पाचशे किलोचा प्राणी तुमची बोटं सोबत घेऊन जाईल. दोरीची घडी करून मुठीत धरायची. बांधताना एका झटक्यात सुटणारीच गाठ, छातीच्या उंचीवर. खरारा खोगिराच्या जागी नीट करायचा, कारण तिथे अडकलेलं एक कुसळ तासाभरात पाठीला जखम करतं. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना घोडे पोट फुगवतात, म्हणून थोडं चालवून पुन्हा आवळायचा, आणि पाहुणा बसण्याआधी तिसऱ्यांदा बघायचा. खोगीर फिरून पाहुणा पोटाखाली लटकण्याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

घोडा आणि पाहुणा यांची जोडी लावणं ही रँगलरची खरी कला. अर्जात ‘चांगली सवारी येते’ असं लिहिणाऱ्यांतले निम्मे लहानपणी जत्रेतल्या घोड्यावर बसलेले असतात. अनुभवी रँगलर कागद वाचत नाही, माणूस घोड्याकडे कसा चालत येतो ते बघतो. वजनाची मर्यादाही असते आणि ती न लाजता, न लाजवता सांगावी लागते. बसायचं डाव्या बाजूने, टाचा खाली, दोन घोड्यांत एका घोड्याइतकं अंतर. चढावर किंचित पुढे झुकायचं, उतारावर मागे. वाटेत कोणी फाटक उघडायला उतरलं तर तो पुन्हा बसेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, नाहीतर एकटा मागे राहिलेला घोडा कळपामागे उधळतो.

पाहुण्यांनी सही केलेलं जोखमीचं पत्रक आणि कोलोराडोत तबेल्यावर कायद्याने लावलेला इशाऱ्याचा फलक हे मालकाचं संरक्षण. तुमचं संरक्षण हेल्मेट. रँगलर हॅट घालून फिरतात ते रुबाबदार दिसतं. तुम्ही हेल्मेट मागा.

आभाळ, अस्वलं आणि गाव

जुलै-ऑगस्टमध्ये कोलोराडोत सकाळी निरभ्र आणि दुपारी गडगडाट, हे जवळजवळ रोजचं. माथ्यावरून दुपारी बाराच्या आत खाली यायचं. गडगडाट ऐकू आला की आडोशाला, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं तिथेच. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही.

काळं अस्वल तिन्ही राज्यांत आहे. ग्रिझली हे मोठं तपकिरी अस्वल वायोमिंगचा वायव्य भाग आणि माँटानात. खोलीत चिवडा आणि गाडीत बिस्किटं ठेवू नका, अस्वल गाडीचं दार उघडायला शिकलेलं असतं. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला पळवणारा मिरचीचा फवारा, विमानात नेता येत नाही, तो तिथेच घ्यायचा, आणि बॅगेत नव्हे, पट्ट्याला लावायचा. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात अस्वल, लांडगा आणि कुगर (पहाडी सिंह) यांच्यापासून किमान ९१ मीटर, इतर प्राण्यांपासून २३ मीटर अंतर हा नियम आहे. तोच सगळीकडे पाळावा. लोक अस्वलाला घाबरतात आणि मूस या अवाढव्य हरणाजवळ फोटोला जातात. पिल्लू सोबत असलेली मूस मादी दिसली तर मागे फिरा.

मद्याचं वय २१. कोलोराडोत गांजा राज्याच्या कायद्याने चालतो, संघराज्याच्या नाही. व्हिसा संघराज्य देतं. सहकारी ओढत असले तरी तुम्ही हातही लावू नका, आणि ‘कधी घेतलाय का’ या प्रश्नाचं ‘हो’ हे उत्तरही पुढे व्हिसा अडवू शकतं.

जेवणात बीफ आणि डुक्कर भरपूर. शाकाहारी असाल किंवा बीफ खात नसाल तर मुलाखतीतच सांगा आणि पोचल्यावर शेफला पुन्हा सांगा. बीन्समध्येही बेकन असू शकतं, विचारून घ्या. बहुतेक शेफ समजून घेतात, विशेषतः सुट्टीच्या दिवशी तुम्ही त्याच्या स्वयंपाकघरात स्टाफसाठी वरण-भात केलात तर. फोनला रेंज नसते आणि वायफाय संध्याकाळी रांगतं. घरच्यांना निघण्याआधीच सांगून ठेवा की आठवड्याला एकदाच नीट बोलणं होईल, नाहीतर दोन दिवस फोन लागला नाही की आई प्रायोजकाला फोन करते.

वागणूक चुकीची वाटली, पगार रखडला, पासपोर्ट मागून ठेवला, तर आधी प्रायोजकाला सांगा. तो महिन्यातून एकदा तुमच्याशी संपर्क ठेवायला बांधील आहे. पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात द्यायचा नाही. व्हिसाच्या वेळी कामगारांच्या हक्कांचं एक पत्रक मिळतं, त्यात मदतीचे क्रमांक असतात. त्याचा फोटो फोनमध्ये असू द्या. नोकरी बदलायची असेल तर प्रायोजकाने नवी जागा तपासल्याशिवाय तिथे एक दिवसही काम करायचं नाही.

निघताना

कामाची तारीख संपल्यावर तीस दिवस देशात फिरता येतं, काम करता येत नाही. मालकाकडून शिफारसपत्र तिथेच मागून घ्या, कारण ऑक्टोबरनंतर रँचचं ऑफिसही सुस्त होतं. शेवटचा पगार कसा येणार हे ठरवून मगच तिथलं बँक खातं बंद करा. आणि घरचा भारतातला पत्ता आणि ईमेल ऑफिसात लिहून द्या: वर्षभराच्या वेतनाचा डब्ल्यू-२ कागद मालकाने ३१ जानेवारीपर्यंत पाठवायचा असतो, आणि त्यावरून १०४०-एनआर हे कराचं विवरणपत्र १५ एप्रिलपर्यंत भरायचं असतं. कापलेल्या संघराज्याच्या करातला काही भाग परत मिळू शकतो, पण त्यासाठी अर्ज तुम्हालाच करावा लागतो. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची चुकीची कपात झालेली असेल तर ती विवरणपत्रातून परत येत नाही. ती आधी मालकाकडे मागायची, त्याने नाही दिली तर करखात्याकडे, फॉर्म ८४३ आणि फॉर्म ८३१६ भरून. पगारपावत्या, डीएस-२०१९ आणि व्हिसाच्या पानाची प्रत एका फोल्डरमध्ये ठेवा, या अर्जांना त्याच लागतात.